जुना भाग जमा केल्याशिवाय

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला साचे उचलणाऱ्या हॉइस्टचा ब्रेक घसरला, अडीचशे किलोचा साचा खाली आला आणि ब्रेकमामांच्या डाव्या हाताची करंगळी गेली. ही घटना घडलेली नाही.

घडलेली नाही हे ठरवायला साहेबांना पाऊण तास लागला. तोवर मामा दवाखान्यात टाके घालून घेत होते. सोबत आलेला बटणराजा, म्हणजे हॉइस्टची बटणं दाबणारा गडी, डॉक्टरांना सांगत होता की बोट घरच्या दारात सापडलं. साहेबांनी फोनवरून तसं पढवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, दार केवढं होतं?

"अडीचशे किलोचं," बटणराजा म्हणाला.

तुटलेला तुकडा कुठंय, असंही डॉक्टरांनी विचारलं. तो दारातच राहिला होता.

मामा एकतीस वर्षं कारखान्यातले ब्रेक सांभाळत होते. हॉइस्टच्या मोटरीच्या पोटातच ब्रेक असतो. मोटरीला वीज मिळाली की चुंबक ब्रेकला ओढून सोडवतं, वीज तुटली की स्प्रिंगा तबकडी आवळतात आणि ओझं जागच्या जागी लटकून राहतं. बाकी सगळी यंत्रं वीज गेली की हातपाय गाळतात, हा एकटाच तेव्हा कामाला लागतो. मामांना तो आवडायचा तो त्यासाठीच. घरी बायको म्हणायची, तुमचंही तसंच उलटं आहे, दिवे असले की तुम्ही झोपता.

साचेखात्यातल्या हॉइस्टची तबकडी झिजली होती आणि प्रत्येक थांब्याला किंचाळायची. नवी तबकडी स्टोअरात होती. मामांना ती जाळीतून रोज दिसायची. पण स्टोअरचा नियम होता : जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. जुना भाग काढायचा तर हॉइस्ट बंद करावा लागणार, आणि नवा भाग हातात असल्याशिवाय हॉइस्ट बंद करायला साहेबांची परवानगी नाही. चौदा महिने मामा या दोन खिडक्यांमध्ये येरझाऱ्या घालत होते. दोन्ही खिडक्यांवरची माणसं नियमानं वागत होती, एकमेकांना चहाही पाजत होती.

सोमवारी मामा दाढ काढायला रजेवर होते. मंगळवारी आले आणि साचेखात्यात शिरताच थबकले. साचा वर गेला, थांबला, आणि ब्रेक किंचाळला नाही.

कुणाचं मूल रडायचं थांबलं तर माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. मामा धावले.

साचा ओंडक्यांवर ठेवायचा असतो आणि शेवटचा ओंडका सरकवायचं काम झाडूवाल्या मावशीचं होतं. ते तिचं काम आहे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. नऊ वर्षं सगळेच "मावशी, जरा ओंडका" म्हणत आले होते, एवढंच. मामांपेक्षा ती दहा वर्षांनी लहान, पण हातात झाडू आला की बाई मावशीच होते. ती वाकली होती, हात साच्याखाली होता. बटणराजानं बटण सोडलं तरी साचा खाली यायचा थांबला नाही. धाडकन पडला असता तर कुणी ओरडलं तरी असतं. तो जेवण झालेल्या माणसासारखा सावकाश बसला. मामांनी मावशीचा हात ओढून काढला. स्वतःचा काढताना हिशेब एका बोटानं चुकला.

दवाखान्यातून परतल्यावर मामा एका हातानं शिडी चढले आणि त्यांनी मोटरीचं मागचं झाकण उघडलं. तबकडी तेलात निथळत होती. वास मोगऱ्याचा होता. एकतीस वर्षांत ब्रेकमध्ये त्यांनी उंदीर पाहिला होता, कुणीतरी थुंकलेलं पानही पाहिलं होतं. पण मोगरा पहिल्यांदाच.

शिडी धरून उभ्या असलेल्या बटणराजानं खाली बघतच सांगितलं. सोमवारी ब्रेकच्या आवाजानं साहेबांना फोनवर बोलता येत नव्हतं. त्यांनीच ड्रॉवरमधून बाटली काढून दिली.

"मामा, मी म्हटलं होतं, केसांचं आहे. तर म्हणाले, तेल ते तेल."

साहेबांनी मामांना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, कागद पुढं सरकवला. मंगळवारी सर्व ब्रेक उत्तम होते आणि काहीही घडलं नाही, असं त्यावर टाईप केलेलं होतं. साहेब कागदावर बोट ठेवायला वाकले तसा मोगरा टेबल ओलांडून आला. मामांनी पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला.

"घडलं म्हणालात तर चौकशी लागणार," साहेब मायेनं म्हणाले. "पहिला प्रश्न काय येईल? झाडूवाली साच्याखाली काय करत होती? मला तिला काढावंच लागेल, मामा. माझा नाइलाज."

मामांनी त्यांच्या चापून बसवलेल्या भांगाकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली. सही उजव्या हातानं होते, त्यामुळे अडचण आली नाही.

बाहेर मावशी उभी होती. साहेब काय म्हणाले, असं तिनं विचारलं. काही नाही, मामा म्हणाले, काही घडलंच नाही. तिनं कमरेची काड्यापेटी काढून दोन्ही हातांनी पुढं धरली.

"ओंडक्याखाली होतं, दादा. केरात कसं टाकू?"

मामांनी पेटी खिशात ठेवली आणि थेट स्टोअरच्या खिडकीवर गेले. काड्यापेटी फळीवर ठेवून त्यांनी कोरा मागणीअर्ज मागितला आणि उभ्यानंच, सुवाच्य अक्षरात भरला :

"मा. स्टोअरप्रमुख यांस, मंगळवारी कोणतीही घटना घडलेली नाही, हे मी सहीनिशी मान्य केले आहे. सबब माझ्या डाव्या हाताची करंगळी नेहमीच्या वापराने झिजून गेली असे धरावे. नियमाप्रमाणे जुना भाग सोबत जमा करीत आहे. तरी त्याच मापाचा नवा भाग देण्यात यावा, ही विनंती. तो बसवण्यासाठी हॉइस्ट बंद करावा लागणार नाही."