नेव्हिलची दहा मिनिटं

टेगननं मेलबर्नहून फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. फेब्रुवारीत नवऱ्याला घेऊन येते, वर डोंगरात एक मुक्काम करू. पण चाल सोपी हवी, कारण ब्रेंट आजवर ट्रॅमच्या थांब्यापलीकडे चाललेला नाही.

"आणि डॅड, सोपी नसली तर यापुढे आपण समुद्रावरच भेटत जाऊ."

नेव्हिलला समुद्र आवडत नसे. सगळा एकाच उंचीवर असतो. आणि लेक त्याच्याबरोबर डोंगरात आली होती ती शेवटची अकरा वर्षांची असताना; त्याला आता बावीस वर्षं झाली. ती पुन्हा का आली नाही, हे त्याला आजतागायत उमगलं नव्हतं.

त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि कड्याच्या धारेवरून मुक्कामाच्या झोपडीपर्यंत एकोणीस किलोमीटरची वाट आखली. त्याची बायको मॉरीन चष्मा लावून बघायला आली. एके ठिकाणी उंचीच्या तपकिरी रेषा इतक्या दाटल्या होत्या, की तिला वाटलं चहा सांडलाय.

"हे काय आहे?"

"किंचित चढ."

नेव्हिल तीस वर्षं गावातल्या भटक्यांच्या क्लबच्या सहली आखत होता, आणि ही क्लबची भाषा होती. किंचित चढ म्हणजे हातही टेकावे लागतात. थोडी ओल म्हणजे कमरेएवढं पाणी. झुळूक म्हणजे तंबू सकाळी शेजारच्या दरीत सापडतो. कुरकुर करणाऱ्याला पुन्हा कुणी बोलावत नसे, त्यामुळे तक्रार अशी कधी आलीच नव्हती. सभासद अकरा उरले होते.

फेब्रुवारीच्या भर उन्हाळ्यात झोपडीजवळचा झरा वाहता असतो का, एवढंच बघायचं राहिलं होतं. झोपडीची देखभाल क्लबकडे असल्यानं तिथल्या जुन्या नोंदवह्या नेव्हिलच्याच कपाटात होत्या. एका वहीत, हवापाण्याच्या नोंदींमध्ये, जांभळ्या शाईचं एक पान निघालं.

'टेगन, वय ११. डॅड एक वाजता म्हणाला दहा मिनिटं. तीन वाजता म्हणाला दहा मिनिटं. आता साडेसहा वाजलेत. माझा एक बूट ओढ्यातून वाहून गेला.'

खाली त्याचंच अक्षर होतं: 'हवा उत्तम. सोपी चाल.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मागे उभ्या असलेल्या मॉरीननंही वाचलं असावं. तिनं नकाशाची घडी घातली.

त्याच झोपडीला मागच्या अंगानं, गाडीरस्त्यापासून चार किलोमीटरची सपाट वाट होती. तुरुंगात जाऊन आलेल्या काकाचा विषय घरात जसा टाळतात, तसा क्लबमध्ये तिचा विषय टाळला जाई. दुसऱ्या दिवशी त्या वाटेनं मॉरीन पुढे चालली, पाठीवर उशी आणि घडीची खुर्ची घेऊन, नेव्हिल मागे. ती गुडघ्यांसाठी दोनदा बसली आणि वाकड्या निलगिरीच्या झाडांसाठी नऊदा थांबली. पोचल्यावर नेव्हिलनं लागलेला वेळ पेनानं तळहातावर लिहिला. नाहीतर घरी येईपर्यंत तो निम्मा झाला असता.

रविवारी टेगनचा फोन आला.

"किती लांब आहे?"

"चार किलोमीटर."

"खरे, की तुझे?"

"तुझ्या आईचे. दोन तास दहा मिनिटं, गुडघ्यांसकट."

टेगननं आकडा तसाच ब्रेंटला ऐकवला. मग ब्रेंट मागून विचारताना ऐकू आला, की कॉफीचं छोटं यंत्र आणलं तर चालेल का. नेव्हिल म्हणाला, चालेल. हे म्हणणं त्याला कुठल्याही चढापेक्षा जड गेलं.

"बरं, येतो आम्ही," टेगन म्हणाली. "डॅड, झोपडीमागचं ते शिखर तेव्हा राहिलंच होतं ना? सकाळी जमलं तर बघू. वर जायला किती वेळ लागतो?"

उत्तर नेव्हिलच्या जिभेवर तीस वर्षं तयार होतं. त्यानं फोन मॉरीनच्या हातात दिला.