सतरा माणसांचं ओझं

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी आकडा आहे. वीतभर लांब, टोकाशी वळलेला. आज मी जे सांगणार आहे त्यावर तुम्ही तर सोडाच, मला घडवणारा हातोडाही विश्वास ठेवायचा नाही. नका ठेवू. खऱ्याच्या नशिबी हेच असतं.

जन्मानं मी आकडा नव्हे. उसाच्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवतात ना, तिचा मी तुकडा. वीस हंगाम देवळाली प्रवराच्या रस्त्यांवरून कारखान्यापर्यंत धावलो. एकदा ओढ्याच्या गाळात गाडी रुतली. बैल नुसते उभे. तेव्हा मी गाडीही ओढली आणि बैलही ओढले. पुढे टायरच्या गाड्या आल्या आणि माझी रवानगी गहिनीनाथ लोहाराच्या भंगारात झाली. पाच वर्षं एक कोंबडी माझ्यावर बसून अंडी घालायची. माझी चौकशी करणारी तेवढी एकच.

मग शहाण्णव साल आलं. वस्तीवरच्या बुद्धविहारात एक मोठा फोटो होता. छप्पन साली धम्मदीक्षेसाठी नागपूरला निघालेली सतरा माणसं रेल्वेच्या फलाटावर ओळीनं उभी. सागवानी चौकट, जाड काच. त्यात एका टोकाला भामाबाईंची आई, आणि तिचा पदर मुठीत धरून आठ वर्षांची भामा. आई पुढच्याच वर्षी वारली. तिचा दुसरा फोटो नाही, या फोटोची दुसरी प्रत नाही.

आणि एवढा ऐवज टांगला होता एका बारीक खिळ्यावर, तोही विटांच्या सांध्यात! एके दिवशी माती सुटली, खिळा सुटला, काच फुटली. एका तुकड्यानं आईच्या गालाशेजारून ओरखडा काढला. बोटभर अलीकडे असता, तर चेहराच गेला असता.

भामाबाई दिवसभर उसात खुरपणारी बाई. त्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. त्यांचा भाचा प्रवीण बेलापूरच्या बाजारातून एक पितळी आकडा घेऊन आला.

“आत्या, बघ तरी कसा चमकतोय!”

“चमकतोय म्हनून नवरीच्या नाकात घालायचाय व्हय? वजन धरतोय का ते सांग.”

भामाबाईंनी घरच्या जात्याची वरची तळी काढली, तिला दोर ओवला आणि पितळी पाहुण्याच्या गळ्यात बांधली. संध्याकाळपर्यंत त्यानं वाकून जमिनीला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी बाई लोहाराच्या दारात.

“भामाताई,” गहिनीनाथ हसला, “फोटूच टांगायचाय न्हवं? का हत्ती?”

“हत्ती पडला तर दुसरा मिळंल, गहिनीनाथ.”

लोहाराचं हसू मावळलं. तो उठला, कोंबडीला हुसकलं आणि मला उचललं. भट्टीत मी असा काही लालबुंद झालो, की तिकडे बेलापुरात भरदुपारी कोंबडे आरवले. पाण्यात बुडवलं तेव्हा निघालेली वाफ अजून राहुरीवर ढग होऊन फिरते म्हणतात. मग जात्याची तळी माझ्याही गळ्यात आली. तीन दिवस, तीन रात्री. मी केसभर वाकलो नाही. शेवटी तळीच कंटाळली.

मला बसवायची रीतही ऐका, मित्रांनो, उपयोगी पडेल. सांधा टाळून विटेच्या मधोमध भोक पाडलं. त्यात तेल पाजलेली बाभळीची गिट्टी, म्हणजे लाकडाची खुंटी, घट्ट ठोकली आणि त्या गिट्टीत मला ठोकलं. तेही जरा तिरपं, टोक आत उतरतं, म्हणजे ओझ्यानं मी बाहेर न येता आतच रुतावं. फोटोची कुजकी सुतळी काढून जाड तार लावली.

फोटो माझ्यावर चढला. माझ्यावरून दोन-दोन टन ऊस गेलेला; हे वजन ते काय! पण माणसं चपला बाहेर काढून आत येऊ लागली. एक आजोबा चौकटीपुढे आले. काचेवर बोट टेकवून म्हणाले, “ह्यो मी. पायात वहाना न्हवत्या, पर मान बगा कशी हाय.” खरंच, सतराही माना ताठ होत्या. इतकं जड मी जन्मात काही उचललं नव्हतं. भामाबाई रोज सकाळी येऊन काच पुसत आणि आईकडे बघत. मी श्वास रोखून धरी.

म्हणून विनवतो, मित्रांनो, घरात फोटो टांगताना चौकटीची नक्षी बघा, पण तिच्यामागे लपलेल्या लोखंडाचीही विचारपूस करा. आम्ही दिसत नाही. आम्ही दिसलो, की समजा फोटो खाली आहे.

आता माझा सर्वांत मोठा पराक्रम. सत्त्याण्णवच्या हंगामात उसानं भरलेली एक ट्रॉली मागे घेताना विहाराच्या भिंतीवर धडकली. धाडदिशी आवाज! धुरळा! अख्खी भिंत भुईसपाट झाली. वीट उरली नाही, गिट्टी उरली नाही. पण मी? मी होतो तिथेच, अधांतरी, सतरा माणसांना सांभाळत! पाऊण तास तसाच उभा राहिलो. गाव तोंडात बोट घालून बघत होतं, आणि फोटो तसूभरही...

“खोटारड्या!” काच पुसता पुसता भामाबाईंचा हात थांबला. “भितच पडली, तर तू कशात अडकून ऱ्हायला हुतास रं? समद्यांच्या आदी तूच पडलास, माज्या पायावर. ह्यो बग जखमेचा वन! वाकला न्हाईस म्हनून नव्या भितीत परत ठोकला, यवढंच. फोटू मी धरला हुता. दोनी हातांनी.”