गुळाच्या बाटलीतले बुडबुडे

प्रभंजन धारवाडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. घरी त्यानं माशांची टाकी ठेवली होती, पण जीव माशांपेक्षा पाण्यातल्या झाडांवर. ती वाढेनात, तेव्हा त्यानं कुठंतरी वाचलेला उपाय केला. सलाईनच्या रिकाम्या बाटलीत गुळाचं पाणी, त्यात बेकरीतून आणलेलं चिमूटभर यीस्ट, आणि बुचातून काढलेली नळी टाकीत. गूळ आंबला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि झाडं त्यावर पोसतात.

बाटलीचं सगळं शांताक्का बघायची. नवऱ्यामागं ती या धाकट्या भावाकडं राहायला आली होती. दर आठवड्याला बाटली धुवायची, गूळ कालवायचा, माशांना दाणे टाकायचे. महिन्याभरात झाडं अशी तरारली की शेजारीपाजारी बघायला येऊ लागले.

ब्याऐंशीच्या डिसेंबरात खुद्द प्राचार्य टाकी बघायला येणार होते. आदल्या संध्याकाळी प्रभंजननं कुणाला न सांगता तिप्पट यीस्ट घातलं. सकाळी पाहतो तर अकराच्या अकरा मासे पाण्यावर उलटे. अक्का फडकं घेऊन टाकीपाशी उभी.

"साबणाच्या हातानं काच पुसलीस ना? शंभरदा सांगितलं होतं तुला."

त्याची बायको लीला मध्ये पडली, तिलाही त्यानं गप्प केलं. प्राचार्यांसमोरही तेच बोलला, वर हसला. अक्का आत चहा गाळत होती.

संक्रांतीला ती हुबळीला, कमरीपेठेत पुतणीकडं गेली. मग पुतणीच्या पोरांचं निमित्त सांगून तिथंच राहिली.

तीन वर्षांनी त्यानं टाकी पुन्हा लावली. झाडं जोर धरेनात म्हणून यीस्ट वाढवलं. दुसऱ्या दिवशी मासे वर तोंडं काढून धापा टाकत होते. वायू जास्त झाला की मासे गुदमरतात, हे वनस्पतिशास्त्राच्या मास्तरला तेव्हा उमगलं. त्यानं नळी उपसून टाकली.

रविवारी तो कमरीपेठेत गेला. अक्का शेंगा फोडत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "बाटली उतू जाऊन फेस नळीतनं टाकीत आला होता. तोच पुसत होते."

"मग बोलली का नाहीस, अक्का?"

"तू विचारलंस कुठं? सांगून मोकळा झालास."

"घरी चल," तो म्हणाला.

"होगली बिडप्पा. जाऊ दे आता. इथली सवय झाली मला." तिनं शेंगांचं सूप त्याच्याकडं सरकवलं. दुपारपर्यंत दोघं शेंगा फोडत बसली.

सोमवारी तो प्राचार्यांच्या खोलीत गेला. तेव्हा बहिणीवर खोटा आळ घेतला होता, म्हणाला. प्राचार्यांनी चष्मा काढला, बराच विचार केला. त्यांना ती टाकीच आठवेना.