बोडक्या माळाचा कागद

भूकंपाला सहा वर्षं झाली होती. किल्लारीजवळच्या गायरानात आता दगडाची खाण निघणार होती, आणि त्याआधी तिथं काय काय उगवतं ते लिहून घ्यायला लातूरहून रेणुकादास सर आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, शिवाय स्वतःचे क्लासेस. पाचची बॅच गाठायची म्हणत त्यांनी आतली झाडं-गवत मोजायची तारेची चौकट जीपशेजारीच चार वेळा टाकली आणि लिहिलं, ‘वनस्पती नाही.’

शेळ्या राखणारी गुणाबाई बघतच राहिली. चौकट पडली होती आखरावर! गावची गुरं रोज सकाळी तिथं गोळा होतात. तिथं पावसाळ्यातसुद्धा काडी उगवत नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

“मास्तर, उंबरा बघून घरात दाणा न्हाई म्हणता व्हय?” ती तरातरा वर माळावर गेली आणि खुरप्यानं पवन्या गवताचा एक वाळका ठोंब खणून घेऊन आली. भर वैशाखात त्याच्या बुडाशी हिरवं होतं. “हे मेलंय का? सांगा!”

सर घड्याळ बघत म्हणाले, “मावशी, खाण संपली की जेवढं लिहिलंय तेवढंच परत लावून द्यावं लागतं. खाणमालकाला हाच कागद पाहिजे.”

म्हणजे चूक नव्हतीच ही. गुणाबाईनं ठोंब मातीसकट त्या कागदावर आदळला.

“भूकंपानं आमचं अख्खं गाव नेलं, मास्तर. पण हितं गाव न्हवतंच, असं लिहून न्हाई गेला त्यो!”