मरणाऱ्या जावेला दिलेली शांती

साथीत सेवा करायला घर वाटून मिळालं तसं अरिशातनं मिग्गिनला तोंडावरच सांगून टाकलं, "हे सोडून दुसरं कुठलंही दे."

मिग्गिन ख्रिस्ती मंडळीचा डीकन, म्हणजे सेवेची कामं बघणारा. हाद्रुमेतुम गावात साथ शिरल्यापासून रोज उजाडताच तो विधवांना जमवायचा आणि घरं वाटून द्यायचा. कुणी कुठं पाणी न्यायचं, कुणाचं अंग पुसायचं, कुणाला पुरायचं. आजारी माणूस आपल्यातला की मूर्तींपुढं बळी देणारा, हे विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. गावातल्या बड्या लोकांनी आपलीच आजारी माणसं उंबऱ्याबाहेर काढून ठेवली होती, आणि त्यांना उचलायला मंडळीच्या बायका जात होत्या. सगळ्या विधवांत अरिशात थोरली. बैठकीत पहिली जागा तिची, आणि पहिला शब्दही तिचाच.

"मावशी, तुम्ही त्या रंगाऱ्याच्या घरी गेलात," मिग्गिन म्हणाला. "त्यानं आयुष्यभर तुम्हाला दगड मारले."

"त्यानं मारले, पण कुणाला वचन देऊन मोडलं नाही. तो होताच तसा."

"नामगिद्दे तुमची जाऊ आहे. मधे एक भिंत. पाण्याचं टाकं एकच."

"म्हणूनच म्हणते. भिंत आहे ती बरी आहे."

मिग्गिन काही बोलला नाही, पण तिथून हललाही नाही. त्याची ही खोड अरिशातला मुळीच आवडत नसे. भांडणाऱ्या माणसाशी तिला दोन हात करता यायचे. गप्प उभं राहणाऱ्याचं करायचं काय?

"बरं," ती म्हणाली. "जाते. चांगली पुरून येते."

नामगिद्देचं प्रकरण सगळ्या गावाला ठाऊक होतं. रोमहून हुकूम आला होता की प्रत्येकानं चौकात येऊन बादशहाच्या देवांपुढं ऊद जाळायचा. अरिशातचा मुलगा इमिल्को गेला नाही. त्याला तुरुंगात घातलं, आणि तिथं पाण्यावाचून तो मेला. त्याचे ओठ कसे झाले होते ते अरिशातनं स्वतः पाहिलं होतं, कारण अंगाला शेवटचं तेल तिनंच लावलं. त्याच आठवड्यात नामगिद्दे डोक्यावरून पदर ओढून चौकात गेली, चिमूटभर ऊद निखाऱ्यावर टाकला आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

पुढं हुकूम थंडावला. ऊद जाळून पडलेली माणसं रडत मंडळीकडं परत आली. त्यांनी दाराबाहेर उभं राहायचं, केसात राख घालायची, पश्चात्ताप करायचा, असं कार्थेजच्या मोठ्या मंडळीकडून ठरून आलं. प्रभूची भाकर नाही, बैठकीत गालाला गाल लावून द्यायचं शांतीचं चुंबन नाही. कधी मिळेल त्याची मुदतही नाही. मात्र कुणी मरणाच्या दारात असेल तर त्याला तसंच पाठवायचं नाही. शांती देऊन, म्हणजे क्षमा करून मंडळीत परत घेऊन, प्रभूची भाकर देऊन पाठवायचं. नामगिद्दे दर रविवारी दाराशी उभी असायची, आणि अरिशात दर रविवारी तिच्या अंगावरून वारं गेल्यासारखी आत जायची. बाकीच्या बायकांना निदान नाक मुरडावं लागायचं. अरिशातला तेवढंही लागायचं नाही.

आता ती भिंतीपलीकडच्या दारात उभी होती. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्यात व्हिनेगरचं मडकं, कमरेला तेलाची कुपी. आत असा वास की दारावरची माशीसुद्धा आत जायला तयार नव्हती. कामाची पोर पळून गेलेली. नामगिद्दे जमिनीवर पडली होती, डोळे लाल, घसा फुटलेला, खालचं अंथरूण सगळं खराब.

तिनं डोळे उघडले. "जाऊबाई? तुम्ही आलात?" ती कशीबशी म्हणाली. "मग मी मेलेच म्हणायची."

"अजून नाही. जिभेला अजून जोर आहे तुझ्या. उताणी हो."

अरिशातनं अंथरूण ओढून अंगणात जाळलं. जावेला उचलून पाटावर घेतलं, धुतलं, पुसलं, स्वतःच्या घरातली चादर घातली. व्हिनेगर घातलेलं पाणी चमच्यानं पाजलं. उलटून पडलं. पुन्हा पाजलं. पुन्हा पडलं. "पाडायला तुला कुणी शिकवावं लागत नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा चमचा भरला. मनात माया नव्हती, पण हात मायेचे होते, कारण अरिशातनं हात लावलेलं माणूस अर्धंमुर्धं धुतलं असं कुणी म्हटलेलं तिला खपलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नामगिद्दे बोलायची थांबली. हातापायाला बर्फासारखा गारवा आला. नाकातून रक्त आलं. अरिशातनं मनगट चाचपलं तर नाडी लागेना. तिनं मिग्गिनला निरोप धाडला, आणि दुपारी मंडळीचे धर्मगुरू क्रेस्कन्सबाबा भाकर घेऊन आले. म्हातारे होते, धाप लागली होती. ते उंबऱ्यापाशी थांबले.

"खरंच जाणार का ही?" त्यांनी विचारलं. "शांती द्यायची तर खात्री हवी. उगाच देता येत नाही."

"बाबा, मी आतापर्यंत कितीतरी माणसं झाकली. ही संध्याकाळ बघत नाही."

"तुझ्या शब्दावर देतो हं."

"द्या."

त्यांनी नामगिद्देच्या डोक्यावर हात ठेवला, शांती दिली, भाकरीचा भिजवलेला तुकडा जिभेवर ठेवला. अरिशातला बाजूला उभं राहून काहीच वाटलं नाही. मेलेल्या माणसाला शांती मिळाली तर मिळू दे. मेलेल्या माणसाचा गाल काही रविवारी आपल्या गालाला लागणार नाही. तिनं स्वतःच्या मरणासाठी जपून ठेवलेलं तागाचं कापड आणलं आणि घडी करून पायथ्याशी ठेवलं.

बाबा गेल्यावर तिनं कुपी उघडली. मनात म्हणाली, प्रभू, ने आता हिला, माझी सुटका कर. पण अंगठा तेलात बुडवून कपाळाला लावला, तसं तोंडातून रोजचंच आलं. रंगाऱ्याच्या कपाळावर, कोळ्याच्या लेकीच्या कपाळावर, कुणाकुणाच्या कपाळावर तेल लावताना तिची जीभ इतकी वळलेली, की थांबलीच नाही. "प्रभू, हिला उठव. आमच्यात परत आण." म्हणून झालं आणि अरिशात स्वतःशीच चिडली. मग पुन्हा चमचा भरला, कारण तो रिकामा होता.

संध्याकाळ झाली. नामगिद्दे मेली नाही.

दुसरा दिवस उजाडला, तेव्हा पोटात गेलेलं पाणी पोटातच राहिलं. त्याच्या पुढच्या दिवशी तिनं जवाची पातळ पेज मागितली. मागितली म्हणजे, "मीठ विसरलात," असं म्हणाली.

"मरायच्या माणसाला मीठ कशाला?" अरिशात म्हणाली, आणि मीठ आणायला गेली.

जाऊ उठून बसायला लागली तशी गावभर कुजबुज सुरू झाली. मंडळीच्या बायका टाक्यावर पाणी भरताना डोळे मोठे करून एकमेकींकडे बघायच्या. सनामे, जिचा भाऊ अजून दाराबाहेर राख घालून उभा होता, ती सरळ अरिशातकडे आली.

"माझ्या भावानं काय पाप केलंय, अक्का? तोही पडला, हीही पडली. हिला ताप आला म्हणून ही आत? उद्या सगळेच अंथरूण धरतील."

"तुझ्या भावाला सांग, धरून बघ. कसं लागतं ते कळेल."

"हसण्यावारी नेऊ नका. लोक म्हणतात, हिनं मरायचं सोंग केलं. तुम्ही म्हणालात तर शांती मागे घेतील. क्रेस्कन्सबाबा रविवारी तुम्हालाच विचारणार आहेत, सगळ्यांपुढं. तुमच्याच शब्दावर दिली ना?"

अरिशातनं घागर कमरेवर घेतली. "मी विधवा आहे गं, देवदूत नाही. मला काय ठाऊक कोण कधी मरतं."

पण घरी जाताना तिच्या लक्षात आलं की तिच्या हातात काय आलंय. रविवारी एवढंच म्हणायचं: बाबा, चुकले मी, इतकी काही वाईट अवस्था नव्हती तिची. कुणी खोटं म्हणणार नाही. म्हातारीचा अंदाज चुकला, एवढंच. नामगिद्दे पुन्हा दाराबाहेर जाईल, आणि इमिल्कोच्या आईला तिच्या गालाला गाल लावावा लागणार नाही.

ती पेज घेऊन गेली तेव्हा जाऊ भिंतीला टेकून बसली होती. केस गळलेले, चेहरा वाळल्या अंजिरासारखा.

"सनामेचा आवाज भिंतीतून येतो," नामगिद्दे म्हणाली. "सगळा ऐकू येतो."

"मग कशाला विचारतेस."

"मी काही विचारलं नाही." तिनं वाडगा घेतला. "जाऊबाई, चौकात माझ्यावर कुणी तलवार धरली नव्हती. लोकांना वाटतं मला ओढत नेलं. ओढलं नाही. मी पुढच्याची पाठ बघत रांगेत उभी राहिले. भीती वाटली. इमिल्कोला काय झालं ते ऐकलं, म्हणून वाटली."

अरिशातनं तिला मधेच तोडलं. "त्याचं नाव घेऊ नकोस."

"नाही घेत. तुम्ही काय बोलाल ते बोला रविवारी. मी सोंग केलं नाही एवढं तुम्हाला माहीत आहे. दाराबाहेर उभी राहायची सवय आहे मला."

"पेज पी. गार होतेय."

अरिशात स्वतःच्या घरी आली, चूल न पेटवता तशीच बसली आणि देवाशी भांडली. तिचं देवाशी भांडण जुनं होतं. तुरुंगाच्या भिंतीबाहेर बसून तिनं इमिल्कोसाठी काय नाही मागितलं! उपास केले, गुडघे फोडले, ओरडून ओरडून आवाज बसला. तेव्हा दिलं नाहीस. आणि हिच्यासाठी मी मनातून एक मागितलं, तोंडानं दुसरं, तर तू तोंडाचं ऐकलंस? माझं तोंड एवढं ऐकण्यासारखं कधीपासून झालं? पण एक गोष्ट तिला टाळता येईना: उठव, असं तीच म्हणाली होती. आमच्यात परत आण, असंही. बाजारात माल मागून हातात आल्यावर नको म्हणणाऱ्या बायका तिनं पाहिल्या होत्या आणि त्यांना ती आयुष्यभर हसत आली होती.

रविवारी बैठक भरली. नामगिद्दे काठी टेकत आली आणि सवयीनं दाराशीच थांबली, अर्धी आत, अर्धी बाहेर. क्रेस्कन्सबाबांनी सगळ्यांसमोर विचारलं:

"अरिशात, तुझ्या शब्दावर मी हिला शांती दिली. काही लोक म्हणतात, ती मरणाच्या दारात नव्हतीच. तू जवळ होतीस. खरं काय ते सांग."

अरिशात उठली. सनामे मान पुढं करून बघत होती. पुरुषांच्या बाजूला मिग्गिन उभा होता, नेहमीसारखा गप्प.

"मरत होती," अरिशात म्हणाली. "नाडी नव्हती. माझं स्वतःचं कफन मी तिच्या पायाशी नेऊन ठेवलं होतं, आणि मी काही कापड उधळणारी बाई नाही. मग तेल लावलं आणि उठव म्हणाले. उठली. आता तुम्ही म्हणता, शांती परत घ्या. बाबा, मग तेलही परत घ्यायला लागेल. नाहीतर असं करा, मिग्गिनला सांगा, तिला पुन्हा मारून टाक म्हणजे सगळं नियमात बसेल."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फस्कन हसलं. बाबांनी दाढीवरून हात फिरवला. "दिलेली शांती दिली," ते म्हणाले. "बसून घे."

"आणि सनामेच्या भावाचं?" ती बसता बसता म्हणाली. "त्याचंही बघा जरा. साथ मुदत विचारून येत नाही."

बाबा म्हणाले, बघतो. मग प्रार्थना झाली, आणि बाबांनी हाक दिली की एकमेकांना शांतीचं चुंबन द्या. बायका बायकांकडे वळल्या. नामगिद्देच्या भोवतीची जागा मात्र मोकळीच राहिली. कुणी तिकडं वळेना. ती काठीला धरून खाली बघत होती.

पहिली जागा अरिशातची, म्हणजे सुरुवातही तिचीच. ती उठली. तिचे गुडघे वाजले. जावेच्या दिशेनं चालताना तिला इमिल्कोचे ओठ दिसत होते, आणि ते दिसायचे थांबले नाहीत. तशीच ती चालत गेली.

"गाल पुढं कर," ती म्हणाली. "माझी मान आता एवढी खाली जात नाही."

नामगिद्देनं गाल पुढं केला. अरिशातनं चुंबन दिलं. गाल गार होता, पण जिवंत माणसाचा असतो तेवढाच.

"जाऊबाई..."

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. बाहेर उभी राहायची सवय आहे म्हणाली होतीस ना?" मागं सनामे उभी होती. अरिशातनं तिला कोपरानं पुढं ढकललं. "चल, तुझी पाळी. उभ्या उभ्या पायांना मुळं फुटतील."

घरी परतताना दोघी मिळून चालल्या, हळूहळू, एकीचे गुडघे आणि दुसरीची काठी. बंदराकडच्या गल्लीत अजून एका दारात कुणीतरी विव्हळत होतं.

"एकदा ज्याला होऊन गेलं त्याला ही साथ पुन्हा धरत नाही म्हणतात," नामगिद्दे म्हणाली.

"म्हणतात खरं." अरिशात थांबली, त्या दाराकडं बघितलं. "उद्या चालता यायला लागलं तर बादली तू उचल. माझ्या खांद्यात काही राहिलं नाही. आणि माझं कापड धुऊन परत दे, ते तुझं नाही."