समजलं नाही, नीट लिहा

त्या मंगळवारी नंदिनीने बारावीच्या मुलांना त्यांच्याच स्टेटसवरच्या चुका फळ्यावर लिहून दाखवल्या. ‘शुभेच्या’, ‘आशिर्वाद’, ‘मनपुर्वक’. एका ओळीत ‘आणी’ होता, दुसरीत ‘पाणि’. मुलं हसली. चंद्रपूरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात तिचा हा तास मुलांच्या आवडीचा होता. कोणाचं स्टेटस आहे ते ती सांगत नसे, पण ज्याचं असे त्याचे कान लाल होत.

तास संपवून ती शिक्षकांच्या खोलीत आली तेव्हा फोनवर बाबांचा मेसेज होता.

‘गुलाब च्या बांधीत सकारी वाघ दीसला. कोनी येकटं धान पाहाले जाऊ नये. ढोरं सांज च्या आत घरी आना. पाहून दे.’

बांधी म्हणजे धानाचं शेत, गुलाब गावातलाच. शेवटचे दोन शब्द तिच्यासाठी होते.

बाबा, म्हणजे लहानू, नागभीडजवळच्या त्यांच्या गावचे कोतवाल होते. छत्तीस वर्षं त्यांनी डफडं वाजवून गावाला निरोप सांगितले. ठिकाणं पाच, आणि ती ठरलेली. बुद्धविहार, चावडी, मारुतीचं देऊळ, फाटा, आणि शेवटी गावाबाहेरच्या लहान तळ्याची, बोडीची पाळ. प्रत्येक ठिकाणी तीनदा सांगायचं आणि थांबायचं. कोणीतरी “ऐकलं गा, कोतवाल” म्हटल्याशिवाय ते पुढच्या ठिकाणी जात नसत. शाळेत असताना नंदिनीला डफड्याचा आवाज आला की ती मागच्या बोळातून घरी जाई. बोळातून का, हे कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा सरपंचांनी गावाचा ग्रुप काढला आणि कोतवालांनाच त्याचं अ‍ॅडमिन केलं. बाबांनी पहिला मेसेज टाकला तो लसीकरणाचा. पाच ओळींत अकरा चुका. नंदिनीने तो दुरुस्त करून त्याच ग्रुपवर खाली टाकला. गावाने खूप मजा केली. पत्रूने लिहिलं, ‘कोतवाल, पोरीनं पेपर तपासला तुमचा, नापास का पास?’ बाबांनी हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं. तेव्हापासून त्यांचा एकही मेसेज तिला दाखवल्याशिवाय ग्रुपवर गेला नाही. आधी तिला, ती दुरुस्त करून परत पाठवणार, मग गावाला. चार वर्षं हे चाललं.

पहिल्या वर्षी ती सगळं दुरुस्त करून द्यायची. मग कंटाळा आला. मग ती नुसतं लिहायला लागली, ‘समजलं नाही, नीट लिहा.’ त्यांना सवय लागावी म्हणून, असं ती सहकाऱ्यांना सांगे. बाबा पुन्हा लिहीत. एका अंगठ्याने, एकेक अक्षर शोधत, वीस-वीस मिनिटं.

मंगळवारीही तिने तेच लिहिलं. ‘समजलं नाही, नीट लिहा.’ आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा पाठवला. या वेळी ‘दिसला’ बरोबर होता. बाकी तसंच. तिने तो घरी जाताना ऑटोत पाहिला. घरी जाऊन बघू, असं ठरवलं. घरी भाजी निवडायची होती.

बुधवारी सकाळी साडेसहाला कुलदीपचा फोन आला. कुलदीप तिचा धाकटा भाऊ, गावीच असतो. म्हणाला, “ताई, बाबा उठून नाई राह्यले.”

ती पोचली तेव्हा आई, बायनाबाई, दाराशी बसली होती. रडून झालं होतं. तिने नंदिनीला जवळ बसवलं आणि न विचारता सांगितलं. “फोन पाहत, ठेवत. पाहत, ठेवत. मी म्हटलं, काऊन, कोनाची वाट पाहून राह्यले? तं म्हणे, पोरगी कामात असंन. वाघाचं काम आहे, थांबता येत नाई. मी आधी पायीच सांगून येतो. पाचही ठिकाणी जाऊन आले. आले तं म्हणे, दम लागला. जेवले नाई.”

डॉक्टर म्हणाले होते, हृदय आधीच कमजोर होतं, ते पलंगावर पडूनही गेले असते. चालण्याचा काही संबंध नाही. चालण्याबद्दल त्यांना कोणी विचारलं होतं, ते नंदिनीला कळलं नाही.

ग्रुपवर शोकसंदेश येत होते. ‘भावपुर्ण श्रद्धांजलि.’ ‘भावपूर्न श्रंद्धाजली.’ ‘कोतवाल साहेबांच्या आत्माला शांती लाभो.’ तिचे डोळे आपोआप चुकीवर थांबत होते. ती वाचत गेली. एकशे बारा होते. नऊ बरोबर होते. तिने हा हिशेब का केला तेही तिला सांगता आलं नसतं. मग तिने बाबांचा मेसेज उघडला. वर तिचं वाक्य, खाली त्यांचा मेसेज, त्याखाली काही नाही. हे दोघांशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं. आता ती एकटीच होती.

चौथ्या दिवशी कुलदीप म्हणाला, “रविवारचं बाबाचं पुण्यानुमोदन ग्रुपवर टाका लागते. तूच लिही. आमच्यानं चुका होते.”

तिने लिहिलं. वेळ, ठिकाण, भोजनदान. एकही चूक नव्हती. तिने तो दोनदा वाचला आणि टाकला. अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली.

आईने विचारलं, “आन् सांगाले कोन जाते?”

“टाकलं आहे, आई. सगळ्यांनी पाहिलं.”

“पाह्यलं असंन. सांगितल्याबिगर निरोप होते का? तुह्या बापानं ग्रुपवर टाकला, तरी पाचही जागी जाऊन तोंडानं सांगे. त्याचाच निरोप मुका जाईन का?”

कुलदीप मंडपवाल्याकडे गेला होता. नंदिनी चपला घालून निघाली.

विहाराशी तिने हळूच सांगितलं. भागीरथा पायरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, “जोरानं सांग व बाई. तुह्या बापाचा आवाज इथून फाट्यावर जाये.” तिने पुन्हा सांगितलं. चावडीवर पत्रू होता. तो काही गंमत करणार असं तिला वाटलं, पण तो उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, “ऐकलं, बाई.” देवळाशी तीन बायांनी ऐकलं. फाट्यावर पानठेल्यावाल्याने ऐकलं.

बोडीच्या पाळीवर म्हातारा सुकलू एकटा बसला होता, ढोरं राखत. तिने तीनदा सांगितलं आणि थांबली.

“ऐकलं,” सुकलू म्हणाला. “तू आली हे बरं केलं. मले वाचता येत नाई. लहानू दरखेपी इथपर्यंत ये. मंगरवारी बी आलता. मी म्हटलं, मोबाईलवर टाकून दे नं गा, कायले पाय झिजवतं? आपल्या उमरीचे आता कोनी चालते का?”

“मग?”

सुकलू हसला. “तं म्हणे, माहं लिहिलेलं माह्या पोरीलेच समजत नाई. मास्तरीन आहे ते. तिले समजत नाई तं लोकाइले का समजंन?”

एक म्हैस पाण्यात उतरली. नंदिनी तिच्याकडे पाहत राहिली. ओरडावं असं काही वाटलं नाही. रडू आलं नाही. तिला एवढंच कळत होतं की निरोप अजून संपलेला नाही, आणि तो सांगायला दुसरं ठिकाण नाही.

“मले समजत होतं,” ती म्हणाली.

सुकलूने कान पुढे केला. “काय म्हणतं?”

तिने फाट्यापर्यंत जाईल एवढा आवाज लावला.

“बाबाचं लिहिलेलं मले समजत होतं. पहिल्या दिवसापासून. मंगळवारचं बी समजलं होतं. गुलाबच्या बांधीत वाघ दिसला, कोनी एकटं जाऊ नका, ढोरं सांजच्या आत घरी आना. सारं समजलं होतं, बाबा. मी खोटं लिहीत होती.”