हरण्याचे दात

१९८८ सालची गोष्ट. शिमगा आटोपला होता आणि नाटे गावाच्या अलीकडे, खाडीकाठच्या टेकाडावर उत्खननाचे शेवटचे दिवस चालले होते. तिथं मजुरीला येणारी गोदा सावलीला बसून दात घासायच्या ब्रशनं जुनी हाडं साफ करत होती. पुण्याहून संशोधनासाठी आलेली कुमुद गद्रे शेजारी येऊन उकिडवी बसली आणि जरा चाचरतच म्हणाली, "गोदामावशी, तुमचा हरण्या कुठं पुरलाय?"

ब्रश थांबला.

हरण्याची गोष्ट गोदानंच हौसेनं सांगितली होती. तिचा बाप माणदेशातला. दुष्काळाला कंटाळून अलोऱ्याला कोयनेच्या बोगद्यावर कामाला आला. तिथंच सुरुंगाच्या टोळीत नाट्याकडचा भागोजी होता. बापानं त्याला जावई केला आणि लेकीबरोबर गावाकडचा दोन वर्षांचा गोऱ्हा दिला. कुंभार्ली घाट उतरून आला तो हरण्या. पुढं मरेपर्यंत भागोजीच्या दावणीला भाताचा पेंढा खात राहिला.

"तुमच्या हरण्यासारखं जनावर मला शोधून सापडणार नाही," कुमुद म्हणाली. "जनावर जे खातं ते हाडात उतरतं. घाटावरच्या जोंधळ्याच्या कडब्यातला कार्बन वेगळा, इथल्या भाताच्या पेंढ्यातला वेगळा. या टेकाडातले दोन हजार वर्षांपूर्वीचे बैल इथलेच की घाटावरून माल घेऊन उतरलेले, ते त्यावरून कळेल. पण ताडून बघायला माहितीतलं जनावर हवं. नाहीतर माझं सगळं काम अधांतरी."

"न्हाई ताई. ह्ये न्हाई व्हायचं."

पलीकडं खापऱ्या निवडणारी तुळसा हसली. "बघा बघा, घाटावरची जीभ बाहेर आली! एरवी आमच्यासारखी बोलते, रागावली की घाटीण!"

 गोदाचा ब्रश जोरात चालू लागला.

संध्याकाळी तिनं हे घरी सांगितलं. सुरुंगांनी भागोजीचे कान गेले होते, त्यामुळं तो बोलायचा ते चार घरांना ऐकू जायचं. "उकरायचा? हरण्याला? याड लागलंय काय त्या बायला! माझ्या हातानं निजवलाय मी. मीठ घातलंय, नवं धोतर पांघरलंय. बापाला घातलं नव्हतं येवढं नवं!"

"मी नायच बोल्ले," गोदा ओरडून म्हणाली.

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक जबडा घासताना तिनं आपणहून विचारलं, "ताई, दातात पन उतरतं काय वो खाल्लेलं?"

"दातात तर जास्त पक्कं. हाड जन्मभर बदलत राहतं. आज तुम्ही खाता ते उद्या त्यात. दात मात्र एकदा तयार झाला की झाला. लहानपणी जे खाल्लं तेच त्यात राहतं. दातांवरची ही तपासणी तशी नवीच आहे."

"मानसाच्या पन?"

"माणसाच्याही."

गोदानं जीभ दातांवरून फिरवली. माहेर असं तिला उरलं नव्हतं. बाप अलोऱ्याच्या कॉलनीतच वारला. भावानं जमीन विकली आणि तो सांगलीकडं कुठंसा गेला. ती आता तांदळाची भाकरी थापायची, माशाचं कालवण करायची. बायका कौतुकानं म्हणायच्या, आता तू आमचीच गो. तेव्हा तीही हसायची. पण आपण कुठल्या, हे सांगणारं आता कुणी नाही, हे तिला अधूनमधून टोचायचं. ते आपल्याच तोंडात आहे हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं भागोजीच्या हातातली विडी काढून घेतली. तो बघतच राहिला.

"हरण्याचं करू द्या ताईंना. ल्हानपनी खाल्लेलं दातात ऱ्हातंय म्हनं, मागनं खाल्लेलं हाडात. त्याचं गाव कुठलं, ते लिवून ऱ्हाईल कुठंतरी."

भागोजीनं तिच्या हातातून विडी परत घेतली. मग म्हणाला, "त्यांची कुदळ नाय लागायची त्याला. मीच उकरनार."

काजूच्या बुडाशी, हरण्याला पुरलं होतं तिथं, तो खणायला बसला. खाली खाली हातानंच माती काढू लागला. कुमुद कागद अंथरून बसली होती. तांबड्या मातीत पांढुरके पट्टे दिसले. भागोजीनं एक हाड उचलायला हात घातला, तर ते बोटांत भिजल्या पापडासारखं विरघळलं. दुसरंही तसंच. बरगड्या नाहीत, मांडी नाही, पाठ नाही.

कुमुदचा चेहरा उतरला. "टेकाडात शिंपल्यांमुळं हाडं टिकली. इथल्या जांभ्याच्या मातीत, या पावसात… मला आधीच सुचायला हवं होतं. उगीच तुम्हाला…"

"येवढा बैल," भागोजी म्हणाला. "येवढा बैल कुठं गेला?"

गोदा खड्ड्यात उतरली. डोकं जिकडं होतं तिकडची माती तिनं चाळली आणि पदर पुढं केला. त्यात दात होते. पिवळट, घट्ट, जसेच्या तसे.

"हे चालतील!" कुमुद जवळजवळ ओरडली. "गोदामावशी, हे उत्तम आहेत!"

भागोजीला ऐकू आलं नाही, पण कळलं. टोमणा न मारता, त्याला जमेल तितक्या हळू आवाजात तो म्हणाला, "म्हंजे माज्याकडचं काय ऱ्हायलं नाय. तुज्या बापाकडचं तेवडं ऱ्हायलं."

तिला हवं होतं ते तिच्या पदरात होतं. पण नवऱ्याच्या मातीनं भरलेल्या हातांकडं पाहून तिला ते मिरवावंसं वाटेना. ती त्याच्या कानाशी वाकली. "तुमच्याकडचं मातीत गेलं. माती तुमचीच हाय न्हवं? आवंदा भात हितंच खाली लावा."

त्यानं खड्डा बुजवला. त्या वर्षी काजूच्या खालच्या चोंढ्यात, त्या सखल तुकड्यात, भात चांगलं आलं. पण तो हरण्याचा नव्हे, जागा बदलल्याचा गुण, असं भागोजी सगळ्यांना सांगत असे.

कुमुदला डॉक्टरेट मिळाली. टेकाडातले काही बैल खरोखरच घाटावरचे निघाले. ती पुण्यात शिकवून निवृत्त झाली. तुळसा मुलाकडं मुंबईला गेली, ती परतली नाही. भागोजी एका भादव्यात, पुरानं रस्ता बंद असताना गेला. गोदा त्यानंतर बरीच वर्षं होती. शेवटी शेवटी लेकीकडं, लोटे गावी. जावई कंपनीत पाळीवर जायचा, ती दारात बसून कंपनीच्या बसगाड्या बघायची. माणदेशात ती पुन्हा कधी गेली नाही. जावंसं वाटतं असं कुणाला बोलूनही दाखवलं नाही.

ती गेल्यावर अस्थी नाट्याच्या खाडीत सोडायचं ठरलं. लेक हौसानं अर्ध्याच सोडल्या. उरलेल्या घेऊन ती एसटीनं घाट चढून गेली आणि विचारत विचारत माणदेशात माणगंगेच्या काठी पोचली. नदीला पाणी नव्हतं. मग तिनं पात्राच्या मधोमध बसून वाळूत हातानं खळगा केला, त्यात आईला ठेवलं आणि वरून वाळू सारखी केली.